मालट्रकच्या केबिनमधून नाशिक ते दिल्ली: मालासोबत प्रथमच निघणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

नाशिक जिल्ह्यातून दिल्लीच्या आझादपूर मंडईकडे जाणारा बराचसा शेतमाल मुंबई-आग्रा महामार्गाने ट्रकमधून जातो आणि त्यांतील काही गाड्यांत चालकाच्या शेजारी मालासोबत निघालेला एखादा माणूस बसलेला असतो. कधी तो व्यापाऱ्याचा मुनीम असतो, कधी आपली डाळिंबे मंडईत कशी विकली जातात हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहू इच्छिणारा शेतकरी असतो, तर कधी सुट्टीत वडिलांसोबत निघालेला चालकाचा मुलगा. हा प्रवास सुमारे साडेबाराशे किलोमीटरचा आहे आणि गाडीवर एकच चालक असेल तर त्यासाठी तीन ते चार दिवस धरावेत. बस-रेल्वेच्या प्रवासाची सवय येथे फारशी उपयोगी पडत नाही, कारण ट्रकची सारी व्यवस्था मालासाठी असते, प्रवाशासाठी नसते. केबिन हे चालकाचे कामाचे ठिकाण असते आणि महिन्यातील बहुतेक रात्री तेच त्याचे घर असते. आपल्या येण्याने त्याच्या कामावर, झोपेवर आणि खिशावर भार पडू नये, या दृष्टीने पुढील सूचना वाचाव्यात.

पहिली पायरी: आपल्याला बसण्याचा हक्क आहे का, ते पाहा

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार मालवाहू गाडीत भाडे घेऊन प्रवासी बसवणे हा परवान्याच्या अटींचा भंग ठरतो. त्यामुळे महामार्गावर हात दाखवून, पैसे देऊन अनोळखी ट्रकमध्ये बसण्याचा मार्ग कोणी पत्करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात चालकाचाही परवाना धोक्यात येतो.

दंडापेक्षा विम्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. या कायद्याच्या कलम १४७ मध्ये १९९४ साली दुरुस्ती झाली आणि गाडीतून मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना सक्तीच्या विम्याचे संरक्षण मिळाले. मात्र ओळखीने, फुकट बसलेल्या व्यक्तीला ते मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालच्या अखेरीस दिलेल्या निकालात स्पष्ट केले. याचा व्यवहारातला अर्थ असा की, तुम्ही आपल्याच मालासोबत जात असाल तर मालाच्या कागदावर तुमचे नाव असले पाहिजे आणि दुसऱ्याच्या मालासोबत जात असाल तर मालमालकाच्या सहीचे पत्र जवळ असले पाहिजे. त्या पत्रात तुमचे पूर्ण नाव, गाडीचा क्रमांक, बिल्टीचा (माल गाडीत भरल्याच्या पावतीचा) क्रमांक, मालाचे वर्णन आणि कोठून कोठे जाणार हे लिहून घ्यावे, त्याची एक प्रत चालकाकडे द्यावी आणि एक घरी ठेवावी. चालकाच्या नातेवाइकांना हे संरक्षण आपोआप मिळत नाही, म्हणून गाडीमालकाची लेखी संमती घेऊन पॉलिसीत जादा व्यक्तीसाठी काही तरतूद आहे का हे विचारावे. त्याखेरीज प्रत्येकाने स्वतःचा अपघात विमा काढलेला असावा. बँकेतून मिळणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे आणि तिचे संरक्षण २ लाख रुपयांचे आहे, तेव्हा निदान तेवढे तरी केल्याशिवाय निघू नये.

गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आरसीवर, बैठक क्षमता लिहिलेली असते. चालक, क्लीनर आणि तुम्ही मिळून ती ओलांडली जात असेल तर बेत रद्द करावा. मालाच्या ढिगावर किंवा ताडपत्रीवर बसून जाणे हा तर विचारही करू नये. शेजारच्या आसनाचा पट्टा चालू आहे की तुटलेला आहे, हेही निघण्याआधी पाहावे, कारण पट्टा न लावल्यास १,००० रुपये दंड आहे आणि अचानक ब्रेक लागल्यावर समोरची मोठी काच माणसाला अडवू शकत नाही.

दुसरी पायरी: चालकाशी आधी बोलून घ्या

गाडी भरली जात असतानाच चालकाशी शांतपणे बोलावे. मालकाने परवानगी दिली म्हणजे चालकाची संमती गृहीत धरू नये. चार दिवस तुमच्याशेजारी बसायचे त्याला आहे. वयाने मोठ्या चालकाला काका किंवा मामा, बरोबरीच्याला भाऊ किंवा दादा म्हणावे. क्लीनर मात्र त्याला ‘उस्ताद’ म्हणत असतो आणि त्यांचे नाते गुरु-शिष्याचे असते, त्यामुळे क्लीनरला परस्पर कामे सांगू नयेत.

बोलण्यात चार गोष्टी ठरवून घ्याव्यात. केबिनमधल्या आसनांमागच्या बर्थवर झोपण्याचा पहिला हक्क चालकाचा असल्याने तुम्ही रात्री कोठे झोपणार, जेवणाचा खर्च कोणी कसा करायचा, वाटेत क्लीनरची कामे तुमच्याकडून अपेक्षित आहेत का, आणि परतीच्या प्रवासात तुम्ही असणार की नाही. तिसरी गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. आता अनेक गाड्या क्लीनरशिवाय धावतात आणि शेजारी बसलेल्या माणसावर डावीकडे लक्ष ठेवणे, गाडी मागे घेताना खाली उतरून इशारा करणे ही कामे सहज येऊन पडतात. ज्याला ती येत नाहीत त्याने तसे आधीच सांगावे. चुकीचा इशारा देणाऱ्यापेक्षा इशारा न देणारा सोबती बरा.

खर्चाबाबत माझा आग्रह असा की, आपले जेवण आपण भरावे आणि चहाचे पैसे शक्य तेव्हा सर्वांचे द्यावेत. चालकाला फेरीसाठी मिळालेल्या खर्चीतूनच वाटेतले बरेच काही भागवायचे असते आणि उरले तर ती त्याची बचत असते.

तिसरी पायरी: सामान कमी, पण विचारपूर्वक घ्या

चाकांची बॅग केबिनमध्ये कोठेच बसत नाही. एकच मऊ कापडी पिशवी घ्यावी, जी आसनाखाली किंवा बर्थच्या कोपऱ्यात दाबून बसवता येईल. तिच्यात दोन जोड सुती कपडे, पंचा, साबण, एक चादर, टोपी, टॉर्च आणि नेहमीची औषधे असावीत. पाण्यात घालायच्या मीठ-साखरेची, म्हणजे ओआरएसची, पाकिटे आणि पट्टी-मलमही हवे. पायांत पट्ट्याची, घट्ट बसणारी चप्पल किंवा बूट असावेत, कारण स्लिपर घालून केबिनमधून उतरताना पाय सटकतो. कमीत कमी पाच लिटर पाणी नेहमी भरलेले ठेवावे.

उन्हाळ्यात जाणाऱ्याने उष्णतेची तयारी ठेवावी. इंजिन केबिनच्या खालीच असते, त्यामुळे पायांखालचा पत्रा तापतो आणि एप्रिल-मे महिन्यांत माळव्याच्या पठारावरून दुपारी जाताना खिडकीतून येणारा वाराही गरम असतो. २०२५ पासून नव्याने तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकना वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली आहे, पण रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या त्याआधीच्या आहेत. डिसेंबर-जानेवारीत उलट परिस्थिती असते. शिवपुरीच्या पुढे रात्री हाडे गोठवणारी थंडी पडते, तेव्हा कानटोपी, स्वेटर आणि जाड रग लागतोच.

पैसे दोन ठिकाणी ठेवावेत. ढाब्यावर मोबाइलने पैसे देता येतात, परंतु घाटांत आणि जंगलपट्ट्यात सिग्नल जातो, म्हणून दहा-वीसच्या नोटा जवळ असाव्यात.

चौथी पायरी: केबिनमध्ये चढणे आणि बसणे

ट्रकमध्ये चढताना तोंड नेहमी केबिनकडे असावे. एका हाताने दाराजवळचा उभा दांडा पकडावा, पहिल्या पायरीवर पाऊल पूर्ण टेकवावे, दुसऱ्या हाताने आतला दांडा धरावा आणि मगच दुसरा पाय उचलावा. दोन हात आणि दोन पाय यांपैकी कोणतेही तीन एका वेळी टेकलेले असावेत. उतरतानाही हाच क्रम उलट करावा, म्हणजे पाठ रस्त्याकडे आणि तोंड आत. नवखा माणूस बसमधून उतरतो तसा समोर पाहत उडी मारतो आणि पहिल्याच दिवशी घोटा मुरगाळून घेतो. दार उघडण्यापूर्वी डावीकडच्या आरशात पाहावे, कारण थांबलेल्या ट्रकच्या डावीकडून दुचाक्या सर्रास जातात.

चप्पल बाहेरच झटकून आत घ्यावी. समोरच्या देव्हाऱ्याला किंवा तसबिरीला पाय लागणार नाही असे बसावे. डॅशबोर्डवर आपली बाटली, डबा, चार्जर मांडू नये. याला शिस्तीखेरीज आणखी एक कारण आहे. आजच्या बहुतेक ट्रकमध्ये इंजिन तपासण्यासाठी अख्खी केबिन पुढच्या बाजूला कलंडवावी लागते आणि त्या वेळी आत मोकळी राहिलेली प्रत्येक वस्तू थेट समोरच्या काचेवर आदळते. भरलेली स्टीलची बाटली ती काच फोडू शकते. म्हणून केबिन कलंडवायची असे चालकाने म्हटले की आधी आपले सारे सामान खाली उतरवावे आणि कलंडलेल्या केबिनखाली वाकून पाहण्याचा मोह टाळावा.

सकाळी इंजिन सुरू झाल्यावर गाडी लगेच हलत नाही. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि रात्रभरात टाकीतली हवा उतरलेली असते. काट्याने पुरेसा दाब दाखवून कमी दाबाचा इशारा देणारा बझर थांबेपर्यंत चालक वाट पाहतो. त्या वेळात त्याला घाई करू नये. त्याऐवजी गाडीभोवती त्याच्यासोबत एक फेरी मारावी. तो किंवा क्लीनर टायरवर टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, मारून आवाज ऐकतो. हवा नीट भरलेला टायर टणक वाजतो आणि टॉमी उसळते, उतरलेला टायर बद्द वाजतो. जोडटायरांच्या फटीत अडकलेला दगडही याच वेळी काढला जातो, कारण वेगात तो सुटला तर मागच्या गाडीच्या काचेवर जातो. चार दिवसांत हा आवाज ओळखायला शिकलात तर खरोखर उपयोगी पडाल.

पाचवी पायरी: रस्ता आणि चालत्या गाडीतले वागणे

माल भरल्यानंतर गाडी वजनकाट्यावर जाते. २०१८ साली वजनमर्यादा वाढल्यापासून दहा चाकी ट्रकचे मालासह एकूण वजन २८.५ टनांपर्यंत आणि बारा चाकीचे ३६ टनांपर्यंत चालते. हे आकडे लक्षात ठेवले म्हणजे ब्रेक लागून गाडी थांबायला इतके अंतर का लागते, हे कळते. निघाल्यावर पंचवीस-तीस किलोमीटरवर पहिला थांबा घ्यायला हवा, कारण हादऱ्यांनी गोण्या बसतात आणि रस्सा सैल पडतो. कांद्याच्या जाळीदार गोण्यांना वारा लागणे आवश्यक असते, त्यामुळे पाऊस नसताना ताडपत्री किती उघडी ठेवायची, हा निर्णय वाटेत अनेकदा बदलतो आणि मालाचा प्रतिनिधी म्हणून त्यात तुमचे मत विचारले जाईल. रस्सा आवळताना मात्र गाडीवर चढू नये. ते सवयीच्या माणसांचे काम आहे.

पिंपळगाव बसवंत मागे पडले की चांदवडजवळ राहूडचा घाट येतो, मग मालेगाव, धुळे आणि शिरपूरच्या अलीकडे सावळदे येथे तापी. पळासनेरला महाराष्ट्राची हद्द संपते आणि बिजासनचा घाट चढून गाडी सेंधव्याला पोहोचते. घाटातल्या बिजासन मातेला हात जोडल्याखेरीज पुढे न जाणारे चालक पुष्कळ आहेत, तेव्हा थांबा झाल्यास कुरकुर करू नये. खलघाटला नर्मदा ओलांडली की गणपती घाट चढून माळव्याच्या पठारावर यायचे, इंदूरला बाह्यवळणाने टाळून देवास, शाजापूर, ब्यावरा, गुना, शिवपुरी करत ग्वाल्हेर गाठायचे आणि मुरैना व धौलपूर यांच्यामध्ये चंबळ ओलांडून आग्र्याला पोहोचायचे. तेथून मथुरा, पलवल आणि दिल्ली.

बिजासन आणि गणपती हे दोन्ही घाट जाताना चढाचे आहेत. परतीला हेच उतार होतात आणि भरलेल्या गाडीसाठी उतारच अधिक धोक्याचा असतो. जाणता चालक उताराच्या तोंडाशीच गाडी खालच्या गिअरमध्ये घालतो आणि वेग इंजिनाच्या ताकदीने रोखून ब्रेक कमीत कमी वापरतो, कारण सतत दाबलेले ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक पकड सोडतात. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा चालक दिसला तर त्याला पुढच्या थांब्यावर स्पष्टपणे विरोध करावा आणि त्याने ऐकले नाही तर तेथेच उतरावे. हे मी अतिशय गांभीर्याने सांगत आहे. घाट उतरताना तुम्ही बोलू नये, फोनवर गाणी लावू नयेत. जळक्या ब्रेक लायनरचा उग्र वास आला तर एवढेच म्हणावे, “काका, वास येतोय.” तो काय करायचे ते जाणतो.

सपाट रस्त्यावर मात्र बोलणे हे तुमचे कामच आहे, विशेषतः मध्यरात्रीनंतर. त्याच्या गावाबद्दल, मुलांबद्दल, पूर्वी चालवलेल्या गाड्यांबद्दल विचारावे आणि उत्तरे लहान होत गेली, जांभया वाढल्या, गाडी पट्ट्यावरून किंचित सरकू लागली की गप्पा वाढवण्याऐवजी गाडी थांबवायला सांगावे. झोपेवर चहा आणि गप्पा हा तात्पुरता इलाज आहे. खरा इलाज झोपच आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने पाच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाच्या विश्रांतीचे तत्त्व घालून दिले होते, पण रस्त्यावर ते पाळणे बरेचदा चालकाच्या हातात राहत नाही, कारण माल वेळेत पोहोचवण्याचे फोन सतत येत असतात. मालमालकाचा प्रतिनिधी शेजारी बसलेला असेल तर तो हे दडपण कमी करू शकतो. “दोन तास झोपा, मंडईत मी सांगतो,” एवढे वाक्य पुरते. माझ्या मते मालासोबत माणूस जाण्याचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

व्हिडिओ दाखवणे, फोन चालकाच्या कानाला लावणे, पाय गिअरच्या बाजूला पसरणे या गोष्टी पूर्णपणे वर्ज्य समजाव्यात. गाडी चालू असताना बर्थवर झोपण्याची पद्धत सर्वत्र आहे, पण तेथे पट्टा नसतो, म्हणून निदान घाटात आणि धुक्यात तरी आसनावर बसून पट्टा लावावा.

सहावी पायरी: खाणे, पाणी आणि शौच

ज्या ढाब्यासमोर ट्रकची रांग उभी असते तेथे जेवावे. जेवणाऱ्या चालकांना असे ढाबे खाट, अंघोळीचे पाणी आणि गाडी लावायला जागा देतात. खानदेशात शेवभाजी, इंदूर-देवास भागात सकाळी पोहे-जिलेबी आणि पुढे डाळ-तंदूर रोटी, असे जेवण बदलत जाते. पहिल्या दोन दिवसांत तिखट-तेलकट कमी खावे, दही-भात किंवा डाळ-रोटीवर राहावे आणि दुपारी पोट भरून जेवू नये, कारण बसून राहिल्याने अन्न पचत नाही. प्रत्येक थांब्यावर पाच-दहा मिनिटे चालावे. पाय सुजणे आणि कंबर धरणे या तक्रारी बहुधा न चालण्यामुळेच होतात.

शौचासाठी पेट्रोल पंप सर्वांत भरवशाचे आहेत. स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि टायरची हवा या सुविधा पंपांनी विनामूल्य द्यायच्या असतात, त्यामुळे संकोच न करता विचारावे. लघवी लागेल म्हणून पाणी कमी पिण्याची सवय फार घातक आहे आणि स्त्रियांमध्ये ती विशेष आढळते. स्त्री सोबत असेल तर सकाळी, दुपारी आणि अंधार पडण्यापूर्वी अशा किमान तीन वेळा मोठ्या, उजेडाच्या पंपावर थांबायचे, हे चालकाशी निघतानाच ठरवावे. माझ्या मते स्त्रीने हा प्रवास पती, वडील, भाऊ अशा जवळच्या माणसाच्या गाडीतूनच करावा, कारण रात्रीच्या थांब्यांवर तिच्यासाठी आजही पुरेशी व्यवस्था नाही. मूळच्या नंदुरबारच्या आणि कायद्याची पदवी घेतलेल्या योगिता रघुवंशी भोपाळहून लांब पल्ल्याचा ट्रक चालवत आल्या आहेत. त्यांच्यासारख्या स्त्रिया रस्त्यावर असूनही स्वच्छ आणि सुरक्षित विश्रांतिस्थाने अपुरी असावीत, ही खेदाची गोष्ट आहे.

सातवी पायरी: रात्र काढणे

रात्री गाडी महामार्गाच्या कडेला, दिवे बंद करून कधीही उभी करू देऊ नये. मागून येणाऱ्या गाडीला ती दिसत नाही. ढाबा, पंप किंवा ट्रकसाठी राखलेला तळ गाठूनच थांबावे. डिझेल आणि स्टेपनी यांच्या चोऱ्या होतात, म्हणून टाकीच्या झाकणाला कुलूप आहे ना हे पाहावे. ताडपत्री कापून माल काढण्याचेही प्रकार होतात. आवाज आला तर एकट्याने खाली उतरू नये. आधी चालकाला उठवावे, हॉर्न वाजवावा आणि मग पाहावे.

बंद केबिनमध्ये शेगडी, कोळसा किंवा गॅसचा स्टोव्ह पेटवू नये. थंडीत ऊब मिळावी म्हणून काचा बंद करून शेगडी ठेवली जाते आणि तिच्या धुराला वास-रंग नसलेल्या विषारी वायूची जोड असते, त्यामुळे झोपलेली माणसे झोपेतच दगावतात. स्वयंपाक करायचाच असेल तर गाडीपासून दूर, उघड्यावर करावा. उन्हाळ्यात सावली मिळते म्हणून ट्रकखाली अंथरूण टाकणेही तितकेच धोक्याचे आहे, कारण वर बसलेल्याला खालचा माणूस दिसत नाही. ट्रकच्या समोर अगदी जवळ किंवा मागे बसू-उभे राहू नये, हे याच कारणासाठी.

डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरच्या पुढे पहाटे दाट धुके असते. सूर्य वर येईपर्यंत गाडी उभी राहिली तर मंडईचा एक दिवस हुकेल, पण तो हुकू द्यावा.

आठवी पायरी: वाट पाहणे आणि कागदपत्रे

ट्रकच्या प्रवासातला मोठा भाग उभे राहण्यात जातो. माल भरायला, वजनाला, तपासणीला, टायर बदलायला आणि शेवटी शहराबाहेर नो एंट्री उठण्याची वाट पाहायला वेळ लागतो. दिल्लीत मालगाड्यांच्या प्रवेशाच्या वेळा ठरलेल्या आहेत, शिवाय हिवाळ्यात प्रदूषण फार वाढले की अत्यावश्यक मालाखेरीज इतर ट्रकवर बंदी येते. पलवलच्या आसपास काही तास काढावे लागणार असे धरूनच चालावे आणि मंडईतल्या आडत्याला तसे कळवावे.

तपासणीच्या वेळी चालकच बोलेल. तुम्ही विचारल्याशिवाय मध्ये पडू नये, चित्रण करू नये आणि विचारले तर खरे सांगून आपले पत्र दाखवावे. कांद्यासारख्या ताज्या शेतमालाला ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद, लागत नाही. परतीला कारखान्याचा माल भरला तर ते लागते आणि त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी धरली जाते. वाटेत कोणी पार्सल देऊ केले किंवा “जरा पुढच्या गावापर्यंत सोडा” म्हटले, तर चालकाने नकार द्यावा यासाठी तुम्ही त्याला पाठबळ द्यावे.

नववी पायरी: बिघाड किंवा अपघात झाल्यास

गाडी बंद पडली तर पट्टा सोडून डाव्या दाराने उतरावे आणि रस्त्यापासून दूर, शक्य असल्यास कठड्याच्या पलीकडे उभे राहावे. केबिनमध्ये बसून राहू नये. परावर्तक त्रिकोण गाडीच्या बराच मागे ठेवावा लागतो आणि ते काम दिवसासुद्धा येणाऱ्या वाहनांकडे तोंड करूनच करावे. राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटासाठी ११२ हे क्रमांक फोनमध्ये तर असावेतच, शिवाय कागदावर लिहून खिशातही ठेवावेत. आपण कोठे आहोत हे सांगता यावे म्हणून कडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा वेळोवेळी पाहत राहण्याची सवय लावावी. अपघातग्रस्तांसाठी २०२५ साली लागू झालेल्या योजनेत नेमलेल्या रुग्णालयांत पहिल्या ७ दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळतात, हे स्वतःसाठी आणि चालकासाठीही माहीत असावे.

चालक दारू प्यायलेला किंवा कसल्याही नशेत आहे असे दिसले, तर वाद न घालता माणसांची वर्दळ असलेल्या ढाब्यावर उतरावे आणि गाडीमालकाला फोन करावा. मालाची काळजी नंतर करता येते.

दहावी पायरी: मंडईत पोहोचल्यावर

आझादपूरला गाडी लागली की गोण्या मोजून उतरवून घ्याव्यात, ओलसर किंवा फुटलेल्या गोण्यांची नोंद चालकासमोरच करावी आणि हमालीचा दर काम सुरू होण्यापूर्वी ठरवावा. चालकाला त्याच दिवशी परतीचा माल मिळेल याची खात्री नसते. अनेक गाड्या दिल्लीतल्याच संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरात भाड्याची वाट पाहत एक-दोन दिवस, कधी त्याहून अधिक उभ्या राहतात. म्हणून पहिल्या वेळी जाताना ट्रक आणि येताना रेल्वे, असा बेत ठेवावा असे मी सुचवीन. दिल्लीहून मनमाड आणि नाशिक रोडकडे गाड्या आहेत. परतीचा उतार, अनोळखी माल आणि साचलेला थकवा हे सारे नवख्याने एकाच फेरीत अंगावर घेण्याचे कारण नाही.

निघण्यापूर्वी चालकाशी वाटेतल्या खर्चाचा हिशेब पूर्ण करावा. माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पोच ही त्याच्या उरलेल्या भाड्याची किल्ली असते, म्हणून ती आडत्याकडून तुम्ही स्वतः उभे राहून घ्यावी, तिचे छायाचित्र काढून ठेवावे आणि मूळ प्रत चालकाच्या हातात द्यावी. त्यानंतरच आपली पिशवी उचलावी.